वकिलाच्या छपराखाली

रेइनो कांगासनं आयुष्यात स्वतःच्या हातानं जे जे बांधलं, ते एक तर पडलं नाही तर वाहून गेलं. हे तो स्वतःच सांगायचा, आणि दुसऱ्या कुणी तोंड उघडायच्या आत सांगायचा, म्हणजे निदान सांगण्याचा मान तरी आपल्याकडे राहतो. तळ्याकाठी होडीसाठी त्यानं लाकडी धक्का बांधला. पहिल्याच वसंतात बर्फ फुटला तसा तो बर्फाबरोबर निघाला आणि पलीकडच्या काठावर एका निवृत्त मास्तरांच्या अंगणाला जाऊन लागला. मास्तर सज्जन माणूस. त्यांनी त्यावर खुर्ची टाकली आणि रोज संध्याकाळी तिथे बसून रेइनोला हात करायला सुरुवात केली. पक्ष्यांसाठी घरटं केलं, तर त्यात खार राहायला आली, आणि महिन्याभरात तिनंही जागा सोडली. त्याची बायको डार्लीन म्हणायची, "देवानं तुला हाताला पाच बोटं दिली, पण त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायला विसरला."

अशा माणसानं कॅम्प बांधायचं कबूल केलं. तेही चारचौघांत, तेही थोरल्या भावाला.

आता कॅम्प म्हणजे काय, तर मिशिगनच्या वरच्या अंगाला, सुपीरियर सरोवराकडच्या जंगलात, हरणाच्या हंगामात राहायचं ठिकाण. नोव्हेंबरची पंधरा तारीख हा हंगामाचा पहिला दिवस. त्या दिवशी आमच्याकडे शाळा बंद, अर्धी दुकानं बंद, आणि लग्न कुणी काढलंच तर त्या घरात शहाणं माणूस नाही असं समजतात. कांगासांचा कॅम्प रेइनोच्या बापानं बांधला होता. एक खोली, आणि मागे ओंडक्यांचा छोटासा सौना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची फिनिश न्हाणी. जमीन मात्र कागद कंपनीची, भाड्याची. यंदा कंपनीचा मालक बदलला आणि नव्या मालकानं सांगितलं, उन्हाळा संपायच्या आत सगळी खोपटी हलवा. हंगामात तंबू ठोकायचा तर खुशाल ठोका, पण पक्कं काही उभं दिसता कामा नये.

मग जुलैमध्ये रेइनो आणि त्याचा मेहुणा रॉली बोशां, म्हणजे डार्लीनचा भाऊ, अशा दोघांनी मिळून कॅम्प पाडला. पाडायचं काम रेइनोला झकास जमलं. "यात माझा जन्मभराचा अनुभव आहे," असं तो म्हणालासुद्धा. पण ज्यानं हसायचं तो हसला नाही. ताउनो, त्याचा थोरला भाऊ, गाडीत काच वर करून बसला होता. फेब्रुवारीत त्याला अर्धांगाचा झटका आला होता. डावा हात लोंबायचा, डावा पाय ओढत चालायचा. खोली पाडली तेव्हा तो बघत होता. मागचा सौना पाडायला घेतला तेव्हा त्यानं तोंड फिरवलं. रेइनोला वाटलं, ऊन लागलं असेल. रेइनोला अशा वेळी नेहमी काहीतरी भलतंच वाटतं.

फळ्या जाळल्या, छपराचे पत्रे रॉलीनं नेले. रेइनोनं मात्र सौनाची भट्टी उचलली. बापानं बॉयलरचा जाड पत्रा वाकवून ती स्वतः जोडली होती. उचलताना दोघांच्या कमरेतून आवाज आले.

"हे धूड कशाला?" रॉलीनं विचारलं.

"लागेल," रेइनो म्हणाला. त्याचं गॅरेज अशाच लागेल-लागेलनं भरलेलं होतं.

सप्टेंबरात एकदा सगळे ताउनोच्या स्वयंपाकघरात कॉफीला बसले होते. ताउनोची बायको व्हर्ना वेलदोड्याचा गोड पाव कापत होती. ताउनोनं कप खाली ठेवला आणि हवापाण्याबद्दल बोलावं तसा म्हणाला, "यंदा मी येत नाही."

रेइनो पाच वर्षांचा असताना बाप गेला आणि ताउनोनंच त्याला वाढवलं. बंदूक धरायला शिकवली ती ताउनोनं, बुटांच्या नाड्या बांधायला शिकवल्या त्या ताउनोनं. ताउनो नसलेली पंधरा तारीख रेइनोनं अजून पाहिली नव्हती, आणि त्याला पाहायचीही नव्हती.

"माझा ट्रेलर आहे की," रॉली म्हणाला. "हीटर आहे, पलंग आहेत, संडाससुद्धा आहे. तू नुसता ये."

"डबा आहे तो. डब्यात मासे राहतात."

"अरे पण..."

"डब्यातच बसायचं तर घरी काय वाईट आहे? कॅम्प गेला. संपलं."

आणि इथे रेइनोच्या जिभेनं, त्याला न विचारता, निकाल लावला. "कॅम्प मी बांधतो," तो म्हणाला. "ताडपत्रीचा. बाबांची भट्टी आहे माझ्याकडे."

व्हर्नाची सुरी पावातच थांबली. रॉलीनं छताकडे बघितलं. आणि ताउनो हसला. डावा ओठ जागचा हलत नव्हता, तेव्हा हसू अर्ध्याच तोंडावर आलं, पण खरं हसू होतं. फेब्रुवारीपासून पहिलं. लोक आपल्यावर हसतात याची रेइनोला सवय होती, पण त्या हसण्यानं इतकं बरं वाटायची ही पहिलीच वेळ.

"बांध," ताउनो म्हणाला. "हंगामाच्या आदल्या संध्याकाळी मी येऊन बघीन. राहण्यासारखा असला तर राहीन. नसला तर मला घरी सोडायचं, आणि पुन्हा जन्मात विचारायचं नाही. बंदूक रॉली घेऊन टाकेल."

"मला नको तुझी बंदूक," रॉली घाईनं म्हणाला.

निघताना व्हर्नानं रेइनोला दारात गाठलं. "दिवसभर खिडकीशी बसून असतो रे तो. खाली तळघरातसुद्धा उतरत नाही. काहीतरी कर बाबा. फक्त छप्पर त्याच्या डोक्यावर पाडू नकोस."

झालं. पुढचे दोन महिने रेइनोला झोप नाही. पडलं तर काय होईल हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि पडणार हेही, इतक्या वर्षांच्या अनुभवावरून, जवळजवळ माहीत होतं.

साधी निळी ताडपत्री टिकणार नाही असं ठरवून तो शेजारच्या गावातल्या एका माणसाकडे गेला. तो रस्त्याकडेच्या होर्डिंगांवरची उतरवलेली जुनी फ्लेक्स विकायचा. जाड, मजबूत, पाण्याचा थेंब आत येणार नाही. घडी काळ्या बाजूनं घातलेली होती. "आत काय छापलंय?" असं विचारायचं रेइनोला सुचलं नाही. सुचलं असतं तर तो रेइनो कसला!

अंगणात फ्लेक्स उलगडलं आणि डार्लीन घरातून किंचाळली. अंगणभर डेल प्रुइट पसरला होता. डेल प्रुइट म्हणजे अपघाताच्या खटल्यांचा वकील. सगळ्या हमरस्त्यावर त्याचं तोंड. लाल टाय, पांढरे शुभ्र दात, तुमच्यावर रोखलेलं बोट, आणि खाली माणसाएवढ्या अक्षरांत: "पडलात? आपटलात? मला सांगा!"

"हा इथे राहणार आहे?" डार्लीननं विचारलं.

"कॅम्पात राहणार आहे."

"चांगलं केलंस. तू बांधणार म्हटल्यावर वकील लागणारच. आधीच नेऊन ठेव."

छापलेली बाजू बाहेर ठेवावी तर हरणं कॅनडात पळून जातील. म्हणून रेइनोनं काळी बाजू बाहेर घेतली आणि वकिलाला आत. छप्पर दोन्हीकडे उतरतं करायचं होतं, तेव्हा मधल्या पाइपवर नेमकं वकिलाचं नाक आलं. एक डोळा या उतारावर, एक त्या उतारावर. कुठेही बसा, एक डोळा तुमच्यावर.

सांगाडा त्यानं वायरिंगच्या लोखंडी पाइपांचा केला. एक पाय आखूड निघाला, त्याखाली लाकडाचा ठोकळा सारला. दुसरा लांब निघाला, तो कापला, मग तोही आखूड निघाला. पण खरी मेहनत त्यानं घेतली ती फटींवर. ताउनोला वारा लागता कामा नये, एवढं एकच त्याच्या डोक्यात. जिथे फट दिसेल तिथे चिकटपट्टी. जिथे दिसत नाही तिथेही, न जाणो.

"अरे हवेला कुठे तरी वाट ठेव," रॉली म्हणाला.

"हवा हवी असेल त्यानं बाहेर जावं. जंगल भरलंय हवेनं."

भट्टीची चिमणी फ्लेक्समधून बाहेर काढायची तर भोवती पत्रा हवा, नाही तर वकिलाला आग लागायची. पत्रा मिळेना. रविवारी डार्लीन पाव भाजायला गेली आणि ओव्हनसमोर उभी राहून तिनं हाक मारली, "माझा ट्रे कुठाय?"

"कामावर आहे," रेइनो म्हणाला.

"कसल्या कामावर?"

"चिमणी धरून बसलाय."

त्या दिवशी दुपारी रेइनोनं गॅरेजात जेवण घेतलं. तरीही सांगतो, कॅम्प अंगणात सबंध एक रात्र उभा राहिला. सकाळी तो तसाच उभा दिसला तेव्हा रेइनो चहूबाजूंनी दोनदा फिरून आला, कारण त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. भट्टी मात्र पेटवून बघितली नाही. अंगणात धूर केलास तर अग्निशमन दलाला मीच बोलावीन, असं डार्लीननं सांगून ठेवलं होतं.

हंगामाच्या दोन दिवस आधी रेइनो आणि रॉली जंगलात गेले. जुन्या कॅम्पच्या जागी गुडघ्याखालपर्यंत बर्फ होतं. आता इथे एक गोष्ट तुम्हाला कळलीच पाहिजे. रेइनो निवृत्त झाला तो रस्ते खात्याच्या बर्फ काढायच्या गाडीवरून. जन्मभर त्यानं दुसऱ्यांच्या वाटेतला बर्फ ढकलला. मग आपल्या कॅम्पखालचा त्यानं काढला का? नाही काढला. तुडवून घट्ट केला, वर फांद्या अंथरल्या, फांद्यांवर पेंढा पसरला, आणि म्हणाला, "बघ, गादी झाली."

"खाली बर्फ आहे," रॉली म्हणाला.

"निवृत्त झालोय मी."

रॉलीनं आपला ट्रेलर जवळच, झाडांच्या आड, आणून लावून ठेवला. "नुसता असू दे," तो म्हणाला. रेइनोनं तिकडे पाठ केली. शत्रूचा किल्ला होता तो.

चौदा तारखेला दिवस कलता कलता रॉली ताउनोला घेऊन आला. ताउनो गाडीतून उतरला, काठी रोवली, आणि झाडांमधल्या त्या काळ्या उंचवट्याकडे बघत राहिला.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"आत चल रे," रेइनो म्हणाला.

आत शिरल्यावर ताउनोनं मान वर केली. वकिलाचे दोन डोळे दोन्हीकडून त्याच्यावर रोखलेले. ताउनो बराच वेळ बघत होता.

"याच्याकडे शिकारीचा परवाना आहे का?"

रॉली खो खो हसला. रेइनोही हसला, आणि घाईघाईनं त्यानं भट्टी पेटवली. बर्चची सुकी लाकडं धडधडून पेटली. क्षणात ऊब पसरली. तिघांनी टोप्या काढल्या, मग कोट काढले. वारा? नाव नको. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत माणसं सदऱ्यावर! डार्लीननं दिलेल्या खिमा-बटाट्याच्या, मोठ्या करंज्यांसारख्या जाड पॅस्टी रेइनोनं भट्टीवर गरम करायला ठेवल्या. त्याची छाती फुगली. जमलं, असं त्याला वाटलं. त्याच्या आयुष्यातली ती फार सुखाची पंधरा मिनिटं होती.

मग वकिलाच्या नाकातून पहिला थेंब रॉलीच्या कॉफीत पडला.

"पाऊस आहे का?" रॉली म्हणाला.

पाऊस नव्हता. तीन माणसांचे श्वास, कॉफीची वाफ, पेंढ्याची ओल, सगळं त्या फ्लेक्सला खालून चिकटत होतं आणि बाहेर जायला रेइनोनं फट म्हणून ठेवली नव्हती. डोळ्यांतून थेंब आले, दातांवरून आले. वकील ढसाढसा रडायला लागला. त्यात ती भट्टी. ती बापानं सौनासाठी केलेली, तिला मंद जळणं ठाऊकच नाही. रेइनोनं झडप लावली तर ती आणखी लाल झाली. खालचा बर्फ वितळला, पेंढा पाणी प्याला, झोपायच्या पिशव्या पेंढ्याचं पाणी प्याल्या. ठोकळा चिखलात गेला आणि आखूड पाय आणखी आखूड झाला. सगळं छप्पर डाव्या अंगाला कललं. धुकं एवढं दाटलं की रॉलीचा आवाज तेवढा येत होता, रॉली दिसत नव्हता.

"रेइनो, मी बाहेर जातो," धुक्यातून आवाज आला. "मला पोहता येत नाही."

दाराची फडफड झाली आणि बाहेर रॉलीचं हसणं झाडाझाडांत घुमलं.

रेइनो टोपीनं वाफ हाकलत होता आणि तोंडानं बडबडत होता. त्याला येत होते तेवढे सगळे विनोद त्यानं स्वतःवर केले. धक्का वाहून गेला, कॅम्पही वाहून जाईल, मास्तरांना कळवा, अंगण तयार ठेवा म्हणावं. एरवी या गोष्टींवर ताउनो हसायचा. आता हसला नाही. उलट्या बादलीवर, काठी गुडघ्यांत धरून, डोळे मिटून तो गप्प बसला होता. तोंडावरून घाम निथळत होता. रेइनोची बडबड थांबली. आता काही उरलं नाही, हे त्याला समजलं. भावाला परत आणायची एकच संधी मिळाली होती आणि ती त्यानं आपल्या हातांवर सोपवली होती, त्या हातांवर, ज्यांच्यात साधा पक्ष्यांचा खोका करायची अक्कल नव्हती.

"चल," तो म्हणाला. "घरी सोडतो तुला. कबूल केलंय मी."

"थांब."

"ताउनो, भिजतोयस तू. व्हर्ना मला फाडून खाईल."

"माझी बटणं काढ."

रेइनो दाराकडे वळला. "छातीत दुखतंय? रॉली! अरे रॉली!"

"ओरडू नकोस, गाढवा. काही दुखत नाही. एका हातानं मला बटणं निघत नाहीत. काढ." ताउनोनं डोळे उघडले होते आणि तो भट्टीकडे बघत होता. "दगड कुठायत?"

"कसले दगड?"

"भट्टी उचलून नेलीस आणि दगड? तिच्या डोक्यावरची टोपली रिकामी का आहे?"

रेइनोनं भट्टीकडे बघितलं. वर बापानं जोडलेली लोखंडी टोपली होती. तिच्यात पॅस्टी गरम होत होत्या. मग त्यानं वर बघितलं, वकिलाकडे. मग बंद फटींकडे. आणि हळूहळू, नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या शेवटी, त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"अरे देवा," तो म्हणाला. "मी सौना बांधलाय."

"मग? मघापासून काय वाटत होतं तुला? राहायला काय कुत्रं येणार आहे इथे? पण सौना..." ताउनोनं वाफ नाकानं आत घेतली. "सौना झकास झालाय. पळ. दगड आण."

जुन्या सौनाची जागा तिथून चार पावलांवर होती, दगड तिथेच बर्फाखाली राहिले होते. रेइनो अंधारात जाऊन गुडघ्यांवर बसला आणि हातांनी बर्फ उकरायला लागला. रॉली ट्रेलरमधून टॉर्च आणि फावडं घेऊन आला.

"आत्ताच पुरतोयस कॅम्प? सकाळपर्यंत तरी थांब."

"दगड शोध. बाबांचे दगड. काळे, गोल."

रॉली फ्रेंच घरातला, पण मेहुणा म्हणून इतकी वर्षं कांगासांच्यात काढलेली. त्याला आणखी सांगावं लागलं नाही. दोघांनी मिळून बादलीभर दगड काढले, पुसून कोरडे केले आणि पॅस्टी उचलून टोपलीत रचले. ओला गार दगड एकदम तापला तर फुटतो, म्हणून विस्तव खाली बसू दिला आणि हळूहळू वाढवला. ओल्या पिशव्या बाहेर फेकल्या, दाराच्या वरच्या अंगाची एक चिकटपट्टी काढून हवेला वाट केली. रॉलीच्या गाडीतली फळी दोन बादल्यांवर टाकली. बाक झाला.

"ये की आत," रेइनो रॉलीला म्हणाला.

"या माणसासमोर उघडा? पुराव्यात वापरेल तो. मी पॅस्टी गरम करतो." आणि रॉली ट्रेलरकडे गेला. जाताना त्यानं ताउनोचे कपडे काखेत घेतले, कोरडे राहावेत म्हणून.

मग दोघे भाऊ आत उघडे बसले. रेइनोनं ताउनोला काखेत धरून बाकावर टेकवलं, तेव्हा झटक्यानंतर पहिल्यांदा त्याला ताउनोचा डावा दंड दिसला. सुकलेला. त्यानं नजर दुसरीकडे नेली, पण दुसरीकडे वकील होता.

"टाक," ताउनो म्हणाला.

रेइनोनं डावभर पाणी दगडांवर टाकलं. दगडांनी चर्र केलं आणि ती ऊन वाफ वर जाऊन, वकिलाच्या दातांवर आपटून, दोघांच्या खांद्यांवर उतरली. ताउनोच्या तोंडून आवाज निघाला. रेइनोनं तो आवाज लहानपणापासून ऐकला होता. हा आवाज फेब्रुवारीपासून ऐकला नव्हता हे त्याला आत्ता कळलं.

मग ताउनो बोलला, दगडांकडे बघत.

"घरचा सौना तळघरात. पायऱ्या उतरता येत नाहीत मला. व्हर्ना म्हणते, मी धरते. धरेल ती. पण तिनं मला पोत्यासारखं उचलून न्यायचं आणि पोत्यासारखं आणायचं, हे मला नको होतं. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून नळाखाली अंघोळ करतो मी, रेइनो. फेब्रुवारीपासून. म्हणून मी म्हटलं, निदान कॅम्पात... तर तो पण पाडला."

"सांगायचं नाहीस का मला?"

"काय सांगणार? बाप्या माणसानं काय सांगायचं, मला न्हाऊ घाल?"

जुलैमध्ये ताउनोनं तोंड फिरवलं होतं आणि आपल्याला ऊन वाटलं होतं, हे त्याला आठवलं. दोन महिने आपण वाऱ्याच्या फटी बुजवत बसलो, आणि भावाला काय हवं ते विचारलंच नाही. नशीब बघा, चुकून तेच बांधलं. शहाण्या माणसानं बांधला असता तर चांगला कोरडा तंबू झाला असता, आणि ताउनो न न्हाताच घरी गेला असता.

ताउनो बाकावर थोडा वळला आणि त्यानं पाठ पुढे केली. "घे," तो म्हणाला.

लहानपणी दर शनिवारी ताउनो रेइनोची पाठ चोळायचा. खरखरून, कातडं निघेल असा. रेइनो ओरडायचा आणि ताउनो म्हणायचा, गप, माती निघतेय, तुझं कातडं नाही. आता रेइनोनं साबण घेतला आणि भावाची पाठ चोळायला लागला. हलक्या हातानं. डावा हात उचलून काखेखाली चोळलं, हात परत मांडीवर ठेवला. त्याला रडू आलं. आलं तर आलं. घाम काय आणि अश्रू काय, वकिलासकट सगळेच गळत होते.

"कुरवाळतोयस काय?" ताउनो म्हणाला. "जोर लाव."

रेइनोनं जोर लावला.

"बाक बुटका झालाय," थोड्या वेळानं ताउनो म्हणाला. "वाफ सगळी वर राहते. पुढच्या वर्षी उंच कर."

रेइनोचा हात थांबला. पुढच्या वर्षी, असं ताउनो म्हणाला होता. त्यानं ते दोनदा मनात म्हणून बघितलं.

"उंच केला तर पडशील तू."

ताउनोनं उजवा हात वर केला आणि बोटानं छपराकडे दाखवलं. वकीलही त्याच्याकडे बोट दाखवत होता.

"पडलो तर याला सांगू," तो म्हणाला. "पण तू पाठ चोळ."